ऐकण्याच्या खोलीची स्वतंत्र लाइन



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आमंत्रण दिले, तेव्हा मी महागाईभत्ता, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांपैकी कशावर तरी बोलेन, असा त्यांचा अंदाज असावा. कामगार संघटनेच्या माणसाकडून लोक तेवढेच अपेक्षितात. मी कळविलेला विषय निराळा निघाला. घरात गाणे ऐकण्यासाठी कोणी एक खोली राखली, तर त्या खोलीची वीज कशी घ्यावी, हा तो विषय. चालकांनी माझे पत्र दोनदा वाचले असेल. परंतु विषय बदला असे सांगितले नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

हा विषय श्रीमंतांच्या हौसेचा आहे, असे आपणांपैकी कोणाच्या मनात आले असेल, तर तेथूनच सुरुवात करतो. गाणे ऐकावयाला प्रथम काय लागते? यंत्र नंतर, आधी मोकळा वेळ लागतो. आपल्याकडे गिरणीकामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चालविलेल्या खटपटीमुळे, १८९० साली. पुढे मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि त्या उजेडाने कामगाराचा दिवस लांबला. सूर्य मावळला तरी चाती फिरत राहिली. प्रौढ पुरुष कामगाराच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा घालावयाला १९११ चा कायदा यावा लागला. १९१५ साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले, तेही मुख्यतः या गिरण्यांसाठी. म्हणजे ज्या विजेने कामगाराची रात्र हिरावून घेतली, त्याच विजेवर आज त्याचा नातू रविवारी दुपारी खोलीचे दार लोटून भीमसेनांचा मारवा ऐकत बसतो. ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही. त्याने ते सुखाने आणि सुरक्षित ऐकावे, म्हणून मी उभा आहे.

माझे शाळेतले शिक्षण थोडे आहे. विजेचे जे काही कळते ते कारखान्यांतल्या वायरमन मंडळींजवळ बसून आणि मागून आणलेली पुस्तके वाचून कळले. त्यामुळे मी सूत्रे फारशी सांगणार नाही. हिशेब मात्र सांगेन. हिशेबावाचून वीज समजत नाही, हे पगारपत्रक वाचणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही.

आधी आपल्या भागात ऐकणे कसे होते ते पाहू. चाव्या फिरवून चालणाऱ्या ग्रामोफोनला वीज लागतच नसे. स्प्रिंग गुंडाळावयाची, सुई ठेवावयाची, की एका बाजूचे तीनेक मिनिटांचे गाणे झाले. नंतर रेडिओ आला. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुण्यासह पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे खेड्यांत ‘रेडिओ ग्रामीण मंच’ चालविण्यात आले. आठवड्यातून दोनदा पंधरावीस गावकरी एका जागी जमत, कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या या प्रयोगाचा अभ्यास पॉल न्यूराथ यांनी केला, आणि तो जगात अजून वाचला जातो. त्या काळी बहुतेक खेड्यांत वीज पोहोचलेली नव्हती, आणि जेथे ती नव्हती तेथे रेडिओ बॅटरीवरच चालावयाचा. बॅटरीची वीज मोठी गुणी! तिला शेजारच्या पंपाची खबर नसते, आणि तिच्यातून गुणगुण येत नाही. आपले ऐकण्याचे दुखणे सुरू झाले ते वीज खांबावरून घरात आल्यानंतर. कारण खांबावरची वीज सर्वांची असते.

आता त्या खांबापासून खोलीपर्यंत चालत जाऊ. आपण जिला ‘डीपी’ म्हणतो त्या रोहित्रातून तारा निघतात. खांबावरून सर्व्हिस वायर घरात येते, ती मीटरला जाते, तेथून मेन स्विचला आणि तेथून वाटणीच्या बोर्डाला. बोर्डातून निरनिराळ्या लाइनी फुटतात. जुन्या घरांत अशा दोनच लाइनी असावयाच्या आणि साऱ्या घराचा संसार त्यांवर चालावयाचा. फ्रीज, मिक्सर, पाण्याची मोटर, पंखे, दिवे आणि गाण्याचा अँप्लिफायर हे सर्व एका तारेवर. मोटर सुरू झाली की दिवा क्षणभर मिचकतो, हे प्रत्येकाने पाहिले आहे. दिवा मिचकला ते डोळ्यांना दिसले. अँप्लिफायरमध्ये ‘टक्’ झाले ते कानांना ऐकू आले. दोहोंचे कारण एक.

त्याचा हिशेब असा. वायरमन जिला ‘दीडची वायर’ म्हणतात, ती दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. तिचा रोध दर किलोमीटरला सुमारे १२ ओहम. बोर्डापासून खोली १५ मीटर लांब धरली, तर जाऊन येऊन ३० मीटर तार झाली, म्हणजे रोध ०.३६ ओहम. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर सुरू होताना क्षणभर २० अँपियर ओढते असे धरा. २० गुणिले ०.३६ म्हणजे जवळजवळ ७ व्होल्ट त्या तारेत पडतात. अँप्लिफायर त्याच तारेच्या शेवटी असेल, तर ते ७ व्होल्ट त्याच्याही वाट्यातून गेले. आता खोलीसाठी बोर्डापासून थेट निराळी तार ओढली, तर मोटर आपल्या तारेत कितीही ओढो, ते ७ व्होल्ट गाण्याच्या तारेत पडत नाहीत. सर्व्हिस वायरमध्ये आणि खांबावरच्या तारांत जे पडेल तेवढेच दोघांना भोगावे लागेल. स्वतंत्र लाइनीचा पहिला आणि खरा फायदा हा, आणि कमी खर्चात मिळणारा आहे.

येथेच दुकानदार पुढे येतो आणि म्हणतो, ‘स्वतंत्र लाइन घेताच आहात, तर वायर खूप जाड घ्या, आवाज उघडतो.’ त्याचाही हिशेब करू. घरगुती अँप्लिफायर एक अँपियर ओढतो असे समजा. त्याच अंतराला अडीचच्या वायरीत ०.२२ व्होल्ट पडतात आणि चारच्या वायरीत ०.१४. फरक आठशतांश व्होल्टाचा. उलट, कायद्याने पुरवठ्यात सहा टक्के कमीजास्त चालते. म्हणजे २३० व्होल्टांचे २१६ झाले काय आणि २४४ झाले काय, तो पुरवठा नियमातच बसतो. ज्या नदीला चौदा हात पाणी चढते-उतरते, तिच्यात आठशतांश हातासाठी धरण बांधावयाचे काय? १६ अँपियरच्या सॉकेटांना अडीचची, आय.एस.आय. शिक्क्याची तांब्याची वायर पुरते. अंतर फार असेल किंवा अँप्लिफायर खरोखर मोठा असेल, तर चारची घ्यावी. त्यापुढचा पैसा तारेत घालण्यापेक्षा चांगल्या स्पीकरात घालावा, आणि तोही उरला तर गाणाऱ्यांना ऐकावयाला तिकीट काढून जावे. येथून चौफुला जवळ आहे. संगीतबारीचे गाणे समोर बसून ऐकले म्हणजे आपल्या यंत्राची पारख आपोआप होते.

दुसरे दुखणे गुणगुणीचे. यंत्र लावले, गाणे अजून सुरू झालेले नाही, आणि स्पीकरातून ‘हुम्म्’ असा खर्जातला आवाज येतो. तानपुऱ्याबरोबर हा न बोलावलेला साथीदार बसलेला असतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, त्याचा हा नाद. लोक म्हणतात, ‘लाइट खराब आहे.’ पुष्कळदा लाइटीचा दोष नसतो. आपण केलेल्या जोडणीचा असतो. नाचता येईना अंगण वाकडे, त्यातला प्रकार.

हे होते कसे? समजा, टीव्ही आणि त्याची केबल एका भिंतीच्या सॉकेटवर आहे, अँप्लिफायर समोरच्या भिंतीच्या सॉकेटवर आहे, आणि दोहोंमध्ये आवाजाची तार जोडलेली आहे. दोन्ही सॉकेटांची अर्थिंगची तार निरनिराळ्या वाटेने बोर्डाकडे जाते. त्या दोन वाटांत काही सहस्रांश व्होल्टांचा फरक असतोच. आवाजाच्या तारेचे बाहेरचे वेष्टण या दोन अर्थिंगांना सांधते, एक वर्तुळ पुरे होते, आणि त्यातून बारीकसा प्रवाह फिरू लागतो. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून येणारा संदेशच मुळी ५ सहस्रांश व्होल्टांच्या आसपासचा असतो. त्यात गुणगुणीचा अगदी थोडा अंश मिसळला, तरी अँप्लिफायर बिचारा दोघांनाही सारखेच मोठे करतो. त्याला राग आणि रोग यांतला भेद कळत नाही.

उपाय सोपा आहे. ऐकण्याच्या खोलीतली सर्व यंत्रे, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, सीडी, टीव्ही, अँप्लिफायर, जे काही असेल ते, एकाच बोर्डावर, एकाच लाइनीवर आणि एकाच अर्थिंगवर घ्या. तीन फेजचे घर असेल, तर ती सर्व एकाच फेजवर ठेवा. दोन फेजांमध्ये ४०० व्होल्ट असतात, ते एका टेबलावर येऊ देऊ नयेत. दिव्यांचे डिमर, पंख्यांचे रेग्युलेटर आणि इन्व्हर्टर निराळ्या लाइनीवर ठेवा. विजेची तार आणि आवाजाची तार एकमेकींच्या संगतीने लांबवर नेऊ नका. भेट टळत नसेल तर काटकोनात भेटू द्या. रेकॉर्ड प्लेअरबरोबर येणारी बारीक अर्थची तार अँप्लिफायरच्या स्क्रूला जोडा. ती गुणगुण घालविण्यासाठी आहे. माणसाला वाचविणारी अर्थिंग ती नव्हे.

आणि खर्च करण्यापूर्वी परीक्षा करा. सर्व जोडण्या काढून नुसता अँप्लिफायर आणि स्पीकर लावा. गुणगुण तरीही आहे? मग दोष यंत्रातच आहे, लाइन बदलून जाणार नाही. गुणगुण गेली? मग एकेक जोडणी परत लावा. जिच्यासरशी ती परतली, तेथे वर्तुळ आहे. बहुधा ती टीव्हीची केबल निघते, आणि तिच्या वाटेत संदेशाचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसविला की काम भागते. हे सर्व करून मगच स्वतंत्र लाइनीचा विचार करावा.

आता मी ज्यासाठी एवढे बोललो त्या मुद्द्यावर येतो. गुणगुण घालविण्याची आणखी एक युक्ती बाजारात आहे. ती फुकट आहे, ताबडतोब लागू पडते, आणि म्हणूनच घातक आहे. थ्री पिन टॉपची वरची जाड पिन काढून टाकावयाची किंवा तिची हिरवी तार तोडावयाची. वर्तुळ तुटते, गुणगुण थांबते, आणि मालक खूश होतो. परंतु त्या क्षणापासून यंत्राच्या लोखंडी अंगाचा जमिनीशी संबंध संपला. आत कधी फेजची तार सैल होऊन पत्र्याला लागली, तर तो पत्रा २३० व्होल्टांवर उभा राहतो. गाणे चालूच असते. आवाजात काहीही फरक पडत नाही. पहिली खबर मिळते ती हात लावणाऱ्याला.

एका कारखान्यात पाण्याच्या कूलरची अशीच पिन मोडलेली होती. उन्हाळ्याचे दिवस, पाळी सुटलेली, घामाने भिजलेला हात, खाली ओली फरशी. आमचा एक सभासद पाणी प्यावयाला गेला आणि परत आला नाही. चौकशीत पिनेची किंमत निघाली काही रुपये. त्या घरी मी गेलो होतो. तेव्हापासून कोठेही गेलो तरी माझी नजर आधी टॉपच्या तिसऱ्या पिनेकडे जाते. सवय झाली आहे.

किती वीज माणसाला पुरते, हेही हिशेबाने पाहा. शरीरातून सुमारे १० मिलिअँपियर वाहू लागले की धरलेली मूठ सुटत नाही. ५० ते १०० मिलिअँपियर छातीतून गेले की हृदयाचा ठोका विसकटू शकतो. आपला ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ४० मिलिअँपियर घेतो. म्हणजे ज्या दिव्याखाली आपण वाचतो, त्याच्याएवढी वीज जीव घ्यावयाला पुरे. आणि बोर्डातला एमसीबी किती अँपियरचा? सोळा, म्हणजे १६,००० मिलिअँपियर. तो तारेला जळण्यापासून वाचवितो, माणसाला वाचविणे त्याचे काम नाही. माणसासाठी निराळे उपकरण आहे, त्याला आरसीसीबी म्हणतात. फेजने किती वीज गेली आणि न्यूट्रलने किती परतली, हे ते सतत तोलून पाहते. हिशेबात ३० मिलिअँपियरांची तूट आली की ती कोणाच्या तरी अंगातून जात असेल असे धरून क्षणार्धात लाइन तोडते. असा प्रामाणिक हिशेबनीस प्रत्येक घरात असावा. ऐकण्याच्या खोलीच्या लाइनीवर तो लावाच. मात्र त्या लाइनीचा न्यूट्रल दुसऱ्या कोणत्याही लाइनीत मिसळू देऊ नका, नाहीतर तो विनाकारण पडत राहील आणि कोणीतरी कंटाळून त्याला काढून टाकील.

काही हौशी मंडळी आणखी पुढे जातात. ‘गाण्यासाठी अगदी शुद्ध अर्थिंग हवे’ म्हणून अंगणात निराळा खड्डा घेतात आणि घराच्या अर्थिंगशी तो मुद्दाम जोडत नाहीत. हेही करू नये. आपल्या माळाच्या मुरुमात, वैशाखात, पाणी न घातलेल्या खड्ड्याचा रोध २० ओहम असू शकतो. रोहित्राकडचा रोध मिळवून एकूण २३ ओहम धरा. यंत्रात दोष होऊन फेज पत्र्याला लागला, तर २३० भागिले २३, म्हणजे १० अँपियर जमिनीत जातील. सोळाचा एमसीबी दहाला पडणार नाही. पत्रा २०० व्होल्टांवर तसाच राहील, आणि मालक समजेल की माझे अर्थिंग शुद्ध आहे! खड्डा जरूर घ्या. नळी, कोळसा, मीठ सर्व नीट घाला. उन्हाळ्यात त्याला पाणी घाला. परंतु तो घराच्या अर्थिंगला जोडलेला असू द्या आणि वर आरसीसीबी ठेवा. जमिनीशी नाते एकच असावे.

हे घरापुरतेच नाही. तुकोबांची पालखी आपल्या गावी मुक्कामाला येते. मंडप पडतात, ध्वनिक्षेपक लागतात, पाऊस असतो, जमीन ओली, पाय अनवाणी. भजन सांगणाऱ्याच्या हातातला माइक लोखंडी असतो, त्याचे अंग तारेच्या वेष्टणातून थेट अँप्लिफायरच्या पत्र्याला जोडलेले असते. म्हणजे त्या अँप्लिफायरची तिसरी पिन गुणगुणीसाठी तोडली असेल, तर तिचा धोका शंभर फुटांवरच्या गाणाऱ्याच्या मुठीत जातो. अलीकडच्या वर्षांत या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतली किती केवळ एका पिनेपायी गेली, ते आपल्या हातात मोजावयाचे नाही. एक पिन शाबूत ठेवणे मात्र आपल्या हातात आहे.

मंडळी, हे काम करतो कोण? परवानाधारक ठेकेदाराकडूनच वायरिंग करवून घ्यावे असा कायदा आहे. प्रत्यक्षात आपण काय करतो? हजाराचे काम पाचशेत करणारा शोधतो. तो पोरगा विनाहातमोज्याने, विनाशिडीने, चालू लाइनीवर काम करतो. पडला तर त्याच्यामागे विमा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. स्वस्तात केलेल्या कामात तो भिंतीच्या नळीत सांधा लपवितो, हिरव्या तारेऐवजी हाती येईल ती तार घालतो. दोष त्याचा थोडा आणि आपल्या घासाघिशीचा फार. योग्य मजुरी द्या आणि त्याच्या बदल्यात काम तपासून मागा. मेगर लावून तारांचा निरोध पाहिला काय, तो निदान एक मेगओहम भरला काय, फेज आणि न्यूट्रल उलटे तर नाहीत, अर्थिंगचा रोध किती, आरसीसीबीचे बटण दाबून ती पडते काय. या पाच गोष्टी लिहून सही करून घ्या. जो वायरमन ही सही आनंदाने करील, तो तुमचा माणूस.

आणि एक वायरमन असा आहे की तो तुमच्या घरात येतही नाही. तो खांबावर असतो. वीज गेली की आपण घरचे जनित्र चालू करतो, गाणे अर्धवट राहू नये म्हणून. चेंजओव्हर स्विच नसेल, तर ती वीज आपल्या मीटरमधून उलटी खांबाकडे जाते, रोहित्रात चढते आणि पलीकडच्या उच्च दाबाच्या तारेत हजारो व्होल्ट होऊन उभी राहते. लाइन बंद केलेली आहे असे समजून त्या तारेला हात घालणारा महावितरणचा कामगार असतो. आता तर तो पुष्कळदा कंत्राटीच असतो. आपल्या एका गाण्यासाठी त्याचा संसार उघडा पडू नये. चेंजओव्हर स्विचवाचून जनित्र जोडणारास मी आपला शेजारी म्हणावयाला तयार नाही.

शेवटचा मुद्दा. जपानात काही श्रोत्यांनी शुद्ध विजेसाठी घरासमोर स्वतःचा खांब आणि स्वतःचे रोहित्र उभारले, असे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. हौसेला मोल नसते. परंतु त्यांच्याही रोहित्रापलीकडची तार सर्वांचीच आहे! स्वतंत्र लाइन आपल्या मीटरपाशी संपते, फार तर खांबापाशी. तिच्या पलीकडे आपण सारे एकाच डीपीवर. डीपीवर क्षमतेपेक्षा जास्त भार असेल, तीन फेजांवर तो असमान वाटलेला असेल, कोणी आकडे टाकलेले असतील, पंपांचे कपॅसिटर काढून ठेवलेले असतील, तर आपल्या खोलीत सोन्याची तार घातली तरी व्होल्टेज पडलेलेच राहील. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

याचा उपायही स्वतंत्र लाइनीचाच आहे. पण तो गावाने मिळून करावयाचा असतो. आपल्या राज्याने तो करून दाखविला आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत शेतीचा पुरवठा बंद करावयाचा म्हणजे गावाचे दिवेही जात. कारण दोन्ही एकाच वाहिनीवर होते. तेव्हा गावठाणाची वाहिनी शेतीपासून वेगळी काढण्याची योजना हाती घेण्यात आली. पंपांना ठरलेले तास आणि गावाला निराळा पुरवठा. मघाशी आपण मोटर आणि अँप्लिफायर यांच्या तारा वेगळ्या केल्या, तीच ही गोष्ट गावाच्या मापाने. त्यातून शाळेला, दवाखान्याला, पिठाच्या गिरणीला आणि आपल्या गाण्यालाही फायदा झाला. असे काम एकट्याच्या अर्जाने होत नाही. डीपीवरचा भार मोजून मागणे, फेजांची वाटणी नीट करून घेणे, पंपाला कपॅसिटर लावणे, आकडा टाकणाऱ्याला गावाने समज देणे, ही कामे ग्रामसभेत ठराव करून आणि पाठपुरावा करून होतात. संघटनेत आम्ही आयुष्यभर दुसरे काय केले?

तेव्हा ज्यांना ऐकण्याची खोली करावयाची आहे त्यांनी ती अवश्य करावी. बोर्डापासून अडीचची निराळी लाइन, तिचा स्वतःचा न्यूट्रल, सोळाचा एमसीबी, तीस मिलिअँपियरची आरसीसीबी, सर्व यंत्रे एका ठिकाणी, आणि घराला जोडलेले एकच चांगले अर्थिंग. एवढ्यात उत्तम गाणे ऐकू येते. ज्यांना खोली करावयाची नाही, त्यांनी आज घरी गेल्यावर फ्रीज, कूलर, मोटर आणि देवळातल्या अँप्लिफायरचे टॉप काढून तिसरी पिन जागेवर आहे की नाही एवढे पाहावे. नसेल तर उद्या सकाळी बसवून घ्यावी आणि मगच यंत्र चालू करावे. डीपीच्या कामासाठी जे पुढे येतील, त्यांच्याबरोबर महावितरणच्या कचेरीत यावयाला मी तयार आहे. दिवस आपण ठरवा.